अर्धा इंच

२ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.
तुझा ब्लाउज पाठवते आहे. लेस नको म्हणालीस, नाही लावली; धाकट्या बहिणीचं एवढं तरी ऐकावं लागतं. मशीन जोरात चालू आहे, गिऱ्हाइकं डोकं खातात. चिमणी नववीचा अभ्यास करते म्हणे; मला तर लेक आरशापुढेच दिसते.

सुट्टीत येते म्हणालीस, पण घरात रंगकाम काढलंय, बसायलाही जागा नसेल. पुढे बघू. तब्येतीला जप. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी ताई

९ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.
हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने.

ब्लाउज घातला आणि लगेच काढून टेपने मोजला. पत्रातलं अक्षर ताईचं, थट्टाही तिचीच. पण लहानपणी मला पाठुंगळीला घेऊन ती जिन्यावरून पडली, तेव्हापासून माझा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. कागदावरच्या मापात ते नाही. ताईचा हातच तसा कापतो, बावीस वर्षांत चुकला नाही. या ब्लाउजचे दोन्ही खांदे सारखे आहेत.

हा तू शिवलास. मग पत्रं कुणी लिहिली? वॉर्डात मी दिवसभर पेशंटचे चेहरे वाचते, आणि बहिणीची पत्रं मला वाचता आली नाहीत.

ताई आहे ना गं? एवढं आधी कळव. मला एकवीस तारखेपासून रजा मिळते आहे. नको म्हणालीस तरी येणार. ब्लाउज परत पाठवते आहे. रागावलेले नाही.
तुझी मावशी

१३ मार्च

ति. मावशीस,
सा. न.
आई आहे. समोर खिडकीशी बसली आहे.

ऑक्टोबरपासून ती शिवत नाही, उसवते. शिवणीत कुणीतरी बोलतं म्हणते. आधी पडदे उसवले, मग गिऱ्हाइकांचे कपडे, मग माझा गणवेश. शाळेतून आले की मी सगळं परत शिवते. तेव्हापासून तुला आलेली पाचही पत्रं माझीच. तिच्यासारखी थट्टा लिहिताना तीच बोलतेय असं वाटायचं, म्हणून लांबवायचे.

तू येऊ नकोस. तू नर्स आहेस, बघताक्षणी तिला दवाखान्यात नेशील. बाबा गेले, आता तीही गेली तर घरात मी आणि मशीन. तिचं जेवण, अंघोळ सगळं मी करते. मला जमतं. हसू नकोस, खरंच जमतं. माया असू दे, पण लांबूनच.
तुझी चिमणी

ता. क. पाकीट बंद करत होते, तेवढ्यात आईने तुझा ब्लाउज ओढून घेतला आणि डावा खांदा उसवायला लागली. मी ओरडले. हात उगारला. मावशी, मी आईवर हात उगारला. तो वर तसाच राहिला, माझा वाटेचना.

तिचं लक्षही नव्हतं. तिने खडू घेतला, डाव्या खांद्यावर अर्धा इंच खाली रेघ मारली. मग ब्लाउज मांडीवर ठेवून मला विचारलं, ठमी अजून आली कशी नाही.

रंगकाम नाहीच काही घरात. एकवीस तारखेपर्यंत थांबू नकोस.