सायगावचं लाल फूल

॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥
मिठबाव, ता. २ जुलै १९६४

रविकांतभावजींस सुगंधावहिनीचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

मुंबईहून टाकलेलं पत्र पोचलं. बोटीवरच्या खलाशांत तुमच्या हातची कढी नावाजली जाते म्हणे. इथे असताना साधा चहा कधी केला नाहीत, हे मी लक्षात ठेवलं आहे. आचऱ्याची मुलगी बघायला कधी येताय, असं तिचे वडील पुन्हा विचारून गेले. भावजी समुद्रावर आहेत, असं सांगून वेळ मारून नेली.

आता दुसरी गोष्ट. आई तापाने अंथरुणाला खिळल्या आहेत. देवगडचे डॉक्टर विषमज्वर म्हणतात. अन्नावरची वासनाच उडाली आहे. पेजेचं पाणी ओठांना लावतात आणि तोंड फिरवतात. पावसाळ्यासाठी होडी ओढून ठेवली असल्यामुळे तुमचे दादा घरीच आहेत, उशापासून हलत नाहीत. त्याका कळवू नको, तो बोट सोडून येतलो, असं आईंनी मला बजावलं होतं. मी मात्र कळवते आहे, कारण मागाहून तुम्ही मला बोल लावाल. पुढचं लगेच लिहीन.

तुम्ही जिथे जाल तिथे आमची माया बोटीच्या मागोमाग येतेच आहे.
तुमची,
सुगंधावहिनी


सायगाव बंदर, ता. २३ ऑगस्ट १९६४

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र कोलंबोत मिळालं. त्यानंतर एक ओळ नाही. बोट कलकत्त्याला जायची ती ऐनवेळी इकडे वळली. सिंगापूरला एजंटाच्या कचेरीत खेपा घातल्या, पण माझ्या नावाचं काही नव्हतं. पुढचं लगेच लिहीन, असं तूच म्हणाली होतीस. मग न लिहिण्याचा अर्थ मी काय लावायचा? आईसारखंच माझंही झालं आहे. ताट समोर आलं की घास उतरत नाही.

काल नारळी पौर्णिमा. दुपारची सुट्टी मिळाली म्हणून शहरात गेलो. अगदी मध्यभागी, मोठ्या बाजाराच्या मागे, इथल्याच एका म्हातारीची चार टेबलांची खाणावळ आहे. मासे मिळतील या आशेने शिरलो, तर नेमकं काल मासे नाहीत! ही माणसंही पौर्णिमेला शिवराक जेवतात. गरम भात, केळफुलाची भाजी, ओलं खोबरं आणि सोयाबीनच्या दुधाच्या वड्या रश्श्यात सोडलेल्या. जेवायला दोन काड्या दिल्या. मी भात उचलायचा आणि तो परत वाडग्यात पडायचा. तू असतीस तर हसून लोळली असतीस. शेवटी म्हातारीने काड्या काढून घेतल्या आणि हाताने जेव, अशी खूण केली. आईच्या हातची चव होती असं खोटं लिहीत नाही, मीठ कमीच होतं. पण ती समोर उभी राहून वाढत होती. वाडगा संपला, दुसरा घेतला. कोलंबो सोडल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवलो.

निघताना तिने दारात तबक पुढे केलं. त्यात कापडाची फुलं होती, लाल आणि पांढरी. शेजारच्या टेबलावर एक तामिळ कापडवाला बसला होता, त्याला हिंदी येत होतं. त्याने सांगितलं की ही पौर्णिमा इथे आईची. ज्याची आई आहे त्याने लाल फूल लावायचं, ज्याची नाही त्याने पांढरं. म्हातारीच्या स्वतःच्या अंगरख्याला पांढरं होतं. वहिनी, माझा हातच पुढे होईना. मी त्याला म्हटलं, हिला सांग, मला ठाऊक नाही. त्याने सांगितलं. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि लाल फूल उचलून माझ्या सदऱ्याला टोचलं. बातमी येईपर्यंत लालच, असं म्हणाली म्हणे. मी भर बाजारात रडलो. ना ओळख ना देख, तिने मला जेवू घातलं आणि वर धीर दिला. तिचे उपकार मी कधी विसरणार नाही.

ते फूल या पाकिटात घातलं आहे. आई असेल तर तिच्या हातात दे. नसेल तर आपण नारळ सोडतो तिथे पाण्यात सोड. जे असेल ते खरं लिही. बोट दुरुस्तीसाठी सिंगापूरला थांबणार आहे, तिथल्या पत्त्यावर लिही.

दादाला नमस्कार सांग. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलो आहे, अंतर देऊ नकोस.
तुझा,
रविकांत


॥ श्री रामेश्वर प्रसन्न ॥
मिठबाव, ता. ८ सप्टेंबर १९६४

रविकांतभावजींस सप्रेम नमस्कार, वि. वि.

लाल. आधी तेवढंच वाचा, पोटभर जेवून या, मग पुढचं वाचा.

आई बऱ्या आहेत. जुलैअखेर ताप उतरला आणि एका सकाळी, पेज नको, सुक्या बांगड्याचं काहीतरी तिखट करा, असा हुकूम सुटला. रामेश्वरानेच राखलं. मी लगोलग दोन पत्रं टाकली होती, ती बिचारी कलकत्त्याला तुमची वाट बघत बसली असणार. नारळी पौर्णिमेला तुमच्या नावाचा नारळ आईंनी स्वतः किनाऱ्यापर्यंत नेला, तुमच्या दादांच्या खांद्याचा आधार घेत.

खाणावळवाली म्हातारी आहे म्हणून सुटलात, नाहीतर मी आचऱ्याला कळवणारच होते. तुमचं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा शेजारच्या हौसाबाई आईंबरोबर मासे निवडत होत्या. सायगाव म्हणजे कुडाळच्या पलीकडचं एखादं गाव, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. हात धुतले, समुद्राकडे तोंड करून जोडले आणि त्या बायेचां बरां होवंदे, असं म्हणाल्या. मग फूल मागितलं. मला वाटलं, देवापुढे ठेवतील. तुम्हाला माहीतच आहे, मामंजी गेल्यापासून आईंच्या केसांना फूल लागलेलं नाही. आमच्या लग्नातसुद्धा गजऱ्यांचं तबक त्यांच्यासमोरून तसंच पुढे गेलं होतं. त्यांनी ते फूल घेतलं आणि अंबाड्यात खोवलं.

हौसाबाईंच्या हातातला बांगडा हातातच राहिला. लोक काय म्हणतील गो आनंदी, असं त्या आईंना कशाबशा म्हणाल्या. आई मात्र शांत. ह्यां फूल घोवाच्या नावाचां नाय, झिलाची आवस जिती आसा म्हणान माळलंय, असं त्यांना सांगून, नवऱ्यासाठी नव्हे तर लेकासाठी माळलेलं ते फूल मिरवत त्यांनी माशांची पाटी डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून गेल्या.

सर्वांचे आशीर्वाद आहेत, ते पुरवून वापरा.
तुमची,
सुगंधावहिनी