तपासणी झालीय, काका

९ फेब्रुवारी, सोमवार

"उद्या शीचं सँपल घेऊन ये," डॉ. रुतिका म्हणाली. मी हो म्हटलं. जाणार नाही हे तेव्हाच माहीत होतं!

पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये माल तपासायला गेले होते. लेथ मशीनच्या मागे पुठ्ठ्याच्या खोक्यात मांजरीची दोन पिल्लं. आई चार दिवस फिरकली नाही, तिथली माणसं म्हणाली. उचलून आणली. पिवळा तो हळद्या, काळी ती शाई. दीड-दोन महिन्यांची असतील. शाईचं पोट जरा बिघडलंय.

डॉक्टरने आज फक्त जंताचं औषध दिलं, कार्डावर लिहिलं. म्हणाली, मांजरांचाही पार्वो असतो, जीवघेणा विषाणू. पिल्लांत पटकन पसरतो. पट्टीची टेस्ट आहे, दहा मिनिटांत कळतं. पण आज निगेटिव्ह आली तरी पंधरा दिवस ठेव, मगच कुणाला दे.

पंधरा दिवस! रविवारी सासूबाई येतायत, अम्मी, श्रीवर्धनहून. रमजान पूर्ण इथेच. सासूबाई बाल्कनीत मांजरं बघून काय म्हणतील? नवऱ्याला, अम्मारला, विचारलं तर म्हणाला, "तू बघ बाबा." बघते.

११ फेब्रुवारी

ऑडिट. साडेआठला घरी. सँपल राहिलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हळद्या नव्या घरी गेला. समोरच्या बिल्डिंगमधले गोवर्धनकाका. दिवाळे गावचे कोळी, इथे खांदेश्वरला मुलाने फ्लॅट घेऊन दिला, मुलगा स्वतः पुण्याला. बायको बायजाकाकू तीन वर्षांपूर्वी वारली. मागे राहिली तिची मांजर, करंदी. दहा वर्षांची. काका तिच्याशी दिवसभर बोलतात, आम्हाला बाल्कनीत ऐकू येतं.

आनंदाने घेतला त्यांनी. मग दारातच विचारलं, "तपासनी झाली ना पोरी? माझी करंदी म्हातारी हाय."

"झालीय, काका. सगळं निगेटिव्ह."

किती सहज! एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पर्समधून कार्ड काढलं, जंताच्या औषधाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे बघा, इथे. काकांना इंग्रजी वाचता येत नाही. मला माहीत होतं ते.

ते म्हणाले, "तू बघितलंस म्हनजे झालं. तुझी नोकरीच तपासनीची."

लिहून ठेवते. कुणाला तरी खरं माहीत असावं, वहीला का होईना.

१४ फेब्रुवारी

शाई खात नाही. पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलीय, पीत मात्र नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी शाई मेली.

सोसायटीच्या मागे भिंतीलगत पुरली. हात धुतले, फिनेल मारलं, खोकं कचऱ्यात. अम्मी अकराला आल्या. घर चकचकीत! "छान ठेवलंयस घर," म्हणाल्या.

काकांना फोन करायला हवा होता. दोनदा नंबर काढला. काय सांगू — टेस्ट निगेटिव्ह होती, पण बहीण मेली? नाही केला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काकांचाच फोन. "हळद्या जरा मलूल हाय गो. सकालपासून दोनदा ओकला."

मी म्हटलं, "जागा बदललीय ना काका, होतं असं."

"तसंच आसंल. करंदी चाटते त्याला. पोर मानलंय तिनं."

हे ऐकून मी फोन ठेवला. अजून वेळ होता. तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं, दोघांना वेगळं करा! मी पोळ्या लाटायला गेले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला रोजा.

काका हळद्याला स्वतःच घेऊन गेले, डॉ. रुतिकाकडेच. मला रिक्षातून फोन, "ये जरा, मना तिचं विंग्रजी कलत नाय." हाफ-डे टाकून गेले.

पट्टीवर दोन रेघा. पॉझिटिव्ह. हळद्याच्या पायाला सलाइन, पंजा माझ्या अंगठ्याएवढा.

डॉक्टरने काकांना विचारलं, पिल्लू आणलं तेव्हा टेस्ट झाली होती का? मी तिच्या टेबलासमोर उभी. आणि काका म्हणाले, "झाली व्हती तर! हिनंच केली. मना कागद दावला. तुमची ती पट्टीच फसवी आसंल."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग विचारलं, करंदीला लस दिलीय का? कधीच नाही. घरातच असते, कशाला, म्हणाले. आता दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा, करंदीला उद्याच घेऊन या.

बाहेर पडताना डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, "दुसरं पिल्लू कुठंय, शायमा?"

मी सांगितलं.

"त्यांना तू सांगशील की मी सांगू?"

मी सांगेन म्हटलं.

संध्याकाळी रोजा सोडताना खजूर तोंडात फिरत राहिला. उपाशी राहण्यात काय अवघड आहे? काकांसमोर दिवसभर माझ्या तोंडून एक खरं वाक्य निघालं नाही.

२१ फेब्रुवारी

करंदीला ताप. हळद्या मात्र थोडं पाणी प्यायला. काल नाही सांगितलं. आज त्यांची धावपळ होती, नाही सांगितलं. कारणं मला बरी सापडतात!

२२ फेब्रुवारी, रविवार

करंदीच्या पांढऱ्या पेशी खूप उतरल्यात. दवाखान्यात बाकावर काकांशेजारी बसले होते. ते एकदम म्हणाले, "माझीच चूक हाय. बुधवारी बाजारातनं ताजं बोंबील आनलं, तिला कच्चंच घातलं. त्यातनंच गेलं आसंल पोटात काईतरी."

मी म्हटलं, "तसं नसतं काका."

"तुला काय म्हाईत? बायजा सांगून गेली व्हती, उकडून घाल."

मला सगळं माहीत होतं. मी त्यांच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, झाकण लावलं, परत दिली.

२४ फेब्रुवारी

दुपारी करंदी गेली. काकांनी तिला बायजाकाकूच्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलं. मुलगा व्हिडिओ कॉलवर होता. "बाबा, मांजरच होती ना," म्हणाला. काकांनी फोन उलटा ठेवला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज अम्मींना सांगितलं. सगळं. ओट्याशी उभ्या-उभ्या, इफ्तारीची फळं कापताना. मला वाटलं ओरडतील. त्या सुरी ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"मांजरं माझ्यासाठी काढलीस?"

हो म्हटलं.

"आमच्या घरात पाच हायत. एक तर माझ्या उशीवर झोपते. मना विचारायचंस तरी!"

तीन वर्षं झाली लग्नाला. श्रीवर्धनला चार वेळा गेले, दरवेळी दोन दिवस, तेही फोनमध्ये डोकं घालून. त्या घरात मांजरं आहेत हे मला माहीत नव्हतं. म्हणजे खोटं बोलायला कारणसुद्धा नव्हतं. माझं मीच बनवलं होतं.

"आता काय करशील?" त्यांनी विचारलं.

"काकांकडे जाते. पण ते..."

"ते काय करतील ते त्यांचं. तू जा."

१ मार्च, रविवार

गेले.

काका गुडघ्यांवर बसून फरशी घासत होते. डॉक्टरने सांगितलंय, हा विषाणू घरात महिनोन्महिने राहतो, ब्लीचनेच मरतो. लाकडी कपाट भिंतीपासून ओढून काढलेलं. ब्लीचचा वास डोळ्यांत जात होता. हळद्या आतल्या खोलीत दाराला नखं मारत होता. बरा झालाय तो. जगला!

मी चपला दाराबाहेर काढल्या, आत आले, आणि बसायच्या आधीच बोलले. बसले असते तर बोलले नसते.

"काका, टेस्ट केलीच नव्हती. कार्डावर जंताचं औषध होतं. मी खोटं बोलले."

त्यांचा हात थांबला. "आनि ती काली? ह्याची बहीन?"

"मेली. पंधरा तारखेला, रविवारी."

ते बोटांवर काहीतरी मोजत होते. रविवार, सोमवार, मंगळवार. "मंगलवारी मी तुला फोन केला व्हता."

"हो."

त्यांनी ब्रश फरशीवर ठेवला. मग म्हणाले, "मी मासली सोडली, पोरी. करंदी गेल्यापासून तोंडात घेतली नाय. कोल्याचा पोर मी. वाटलं, माझ्या हातानं मारली तिला."

मी माफी मागितली. शब्द किती छोटा होता!  त्यांनी ब्रश उचलून बादलीत बुडवला आणि कपाटाच्या मागची फरशी परत घासायला लागले. मी म्हटलं, द्या मी करते.

"नको."

एवढंच. मी घरी आले. अम्मींनी पाणीसुद्धा विचारलं नाही, रोजा होता. फक्त शेजारी बसल्या.

१० मार्च

समोरच्या बाल्कनीतून बोलण्याचा आवाज येतो की काय म्हणून ऐकत असते. हळद्या दिसतो कठड्याजवळ. काका त्याला खायला घालतात, पण बोलत नाहीत.

आज कंपनीत एका लॉटवर सही करताना हात अडला. सगळे पीस परत मोजून घेतले. लाइनवरची मुलं हसली. हसू दे.

२१ मार्च

ईद. शीरखुर्मा घेऊन काकांच्या दारापर्यंत गेले. बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता. दार उघडलं नाही. डबा दारात ठेवायचं मनात आलं, पण ते बरोबर वाटलं नाही. त्यांनी उघडलं नाही, हे उत्तरच होतं. परत आणला.

५ एप्रिल, रविवार

बाजारातून आले तर ईदनंतरही थांबलेल्या अम्मी दारात, पायाशी प्लॅस्टिकची बास्केट. आत हळद्या, केवढा मोठा झालाय! सोबत एक फाइल. पार्वोची टेस्ट दोनदा, तीन आठवड्यांच्या अंतराने, दोन्ही निगेटिव्ह. मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची टेस्टही निगेटिव्ह. लसीचे दोन्ही डोस. प्रत्येक कागदावर डॉक्टरची सही आणि खाली काकांची, मराठीत.

"काका काय म्हणाले?" मी विचारलं.

अम्मी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हनाले, आता हा कोनालापन देता येईल. खोटं सांगावं लागनार नाय."