रशीदभाईंचा पंखा

अल मजाज, शारजा
गुरुवार, १६ जून २०१६

देवापुढे दिवा लावला, पण मन लागलं नाही. सारखा रशीदभाईंचा पंखा डोळ्यांसमोर येतो आहे.

आमच्या कारखान्याशेजारचा कारखाना मंदीत बंद पडला तो पडलाच. त्याची वीजही तोडलेली. राखणीला एकटे रशीदभाई, पत्र्याच्या केबिनमध्ये. आमच्या छतावर सोलर बसल्यापासून सुट्टीच्या दिवशी सगळी वीज ग्रिडमध्ये जाते. म्हणून मीच भिंतीवरून एक केबल टाकून दिली. एक टेबल फॅन, एवढंच.

आज आमची इंजिनिअर निशा सोलरच्या सरकारी तपासणीची तयारी बघायला आली. इथेच वाढलेली मुलगी. केबल बघून म्हणाली, "अंकल, धिस इज नॉट अलाउड. एक्स्ट्रा वीज फक्त ग्रिडला, नेबरला नाही. रविवारी इन्स्पेक्टरने पाहिलं तर आपलं कनेक्शन खलास."

"अगं, एक पंखा आहे."

"रूल इज रूल, अंकल."

तिचं चुकलं नाही. हा नियम असलेल्या सोलरच्या अर्जावर सही माझी आहे. न वाचता केली होती का? नाही, वाचूनच केली होती. मग केबल टाकताना स्वतःला कोण समजत होतो? दाता?

दुपारी मीच केबल काढली. पंखा हळूहळू थांबला. रशीदभाई हसले. "टेन्शन मत लो भाईसाब. सूरज तो मेरी छत पे भी पूरा आता है."

मला हसता आलं नाही. काहीतरी द्यावं म्हणून पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी छातीवर हात ठेवून मान हलवली. रोजा होता त्यांचा. इफ्तारला अजून चार तास होते.