हेल्मेटवरची पट्टी

प्रिय लिन्नू,

फोन न करता पत्र लिहितोय, यावरून काय ते समज. कागदावर मी अडकत नाही. शाळा नववीपर्यंतच, तेव्हा चुका मोजत बसू नकोस. आत्तापर्यंत दोनदा उठलो. एकदा बूट वाळत टाकले, एकदा उगाच खाली अंगणात जाऊन आलो. एका जागी बसणं मला कधी जमलंय?

आईचा काल फोन आला होता. ती बोलते आणि मी हं हं करतो, आमचं तसंच चालतं. म्हणाली, लिन्नू वाचा-उपचाराचं शिक्षण सोडतेय. तिसरं वर्ष अर्धं झालंय, आणि म्हणे बेकरीत काम बघतेय. कारण विचारलं तर नीट सांगत नाही. गेल्या आठवड्यात बुधवारी कुठेशी जाऊन आली, तेव्हापासून एकच धोशा, "सख्खा भाऊ माझं तोंड बघायला तयार नाही, मी लोकांच्या पोरांना काय बोलायला शिकवणार?" ऐकून असा संताप आला की हातातला कप सिंकमध्ये आदळला. तू सोडायचं नाहीस. आणि कारण मी असेन तर मुळीच नाही. बुधवारचं शेवटी सांगतो. आधी दुकानाचं, कारण ते अजून घशात बसलंय.

तुमच्या बाईंनी काम दिलं की एका दिवसात पाच माणसांशी मुद्दाम अडखळत बोला. हे खोटं आहे असं सांगायचं नाही, वाक्य अर्धवट सोडायचं नाही, समोरच्याच्या डोळ्यांवरून नजर हटवायची नाही. वर्गातल्या सगळ्यांनी केलं, ठीक. पण कॉलेजच्या तार्तू शहरात एवढी दुकानं असताना तू शनिवारची बस धरून आपल्या गावी गेलीस आणि लेइदामावशीच्या काउंटरवर उभी राहून चीज मागायला लागलीस. का, तर ओळखीच्या ठिकाणी सोपं जाईल म्हणून. अगं, त्याच काउंटरवर मी बारा वर्षं पाव मागितलाय. गावात तसं बोलणारा एकच माणूस होता.

पुढचं आईने सांगितलं. रांगेतला हेइनो म्हणाला, "आता हिलाही लागलं की काय." आणि लेइदामावशीने चीज परत आत ठेवलं. "लाज नाही वाटत, पोरी? भाऊ परमुलखात राबतोय आणि तू इथे त्याच्या नकला करतेस?" आणि तू गप्प. नियम होता ना, खोटं आहे असं सांगायचं नाही. मार्कांसाठी गप्प राहिलीस असं मला वाटलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. तू मला फोन केलास तेव्हा मी ठेवून दिला आणि पुढचे तीन आठवडे उचललाच नाही. तू एक दिवस अडखळलीस, रात्री कोट काढून ठेवावा तसं काढून ठेवलंस आणि झोपलीस. माझ्या कोटाला बटणं नाहीत, लिन्नू. तो निघत नाही.

मग तू तुझा अहवाल पाठवलास. मी वाचायला हळू, दोन दिवस लागले. पहिली दोन पानं नुसते वाचादोष, श्रवण, भाषा असले शब्द. वाटलं फाडावं. तिसऱ्या पानावर लिहिलंस की मावशीने तुझं वाक्य आधी स्वतःच पुरं केलं, तेव्हा तुला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच चोरी केल्यासारखं वाटलं. लिहिलंस की कान गरम झाले, आणि चीज मागायचं सोडून दुसरं काहीही, सहज सुटणारं, मागावं असं वाटलं. आणि खाली बाईंनी लाल पेनाने, "ओळखीचं ठिकाण का निवडलंत? तिथे कुणाला दुखवाल याचा विचार केला होता का?" बाईंचं बरोबर. पण तू लिहिलंस तेही बरोबर, आणि मला राग त्याचाच आला. सहज सुटणारं मागायचं, हे तुला एका दिवसात कळलं. मी लहानपणापासून तेच करतोय. आंबवलेलं केफिर हवं असताना साधं दूध आणलं म्हणून आईने मला कितीदा धांदरट म्हटलंय. मला आठवत होतं काय आणायचं ते. दूध सुटायचं, केफिर सुटायचं नाही.

तुझं नावही तसलंच. घरात सगळ्यांना वाटतं मी लाडाने तुला लिन्नू, पाखरू, म्हणतो. लाड आहेच. पण तू पाळण्यात होतीस तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि तुझ्या खऱ्या नावातला, केर्तूतला क माझ्या तोंडातून निघत नव्हता. म्हणून लिन्नू. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

आता एक जुनी गोष्ट. नववीची तोंडी परीक्षा होती. मी फळ्यापाशी उभा, तोंड उघडं आणि आवाज नाही. तू पाचवीतली, दाराबाहेर थांबलेली, सरळ आत आलीस आणि म्हणालीस, "सर, त्याला सगळं येतं. तो मला घरी सांगतो. मला विचारा, मी त्याचं सांगते." वर्ग हसला. सरही हसले. दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. आईला वाटलं मला कमवायची घाई आहे. तू काही चुकीचं केलं नव्हतंस. पण दहा वर्षं मी तुझ्यावर त्याचाही राग धरून आहे, आणि तू त्याच दिवशी ठरवलंस काय शिकायचं ते, हे मला आईकडून कळलं तेव्हा तो राग आणखी वाढला. मी कुणाचं कारण व्हायला मागितलं नव्हतं.

इथे परमुलखात, टाम्पेरे शहरात मी परांची बांधतो. काम चांगलं आहे. वर वारा असतो, कुणाला बोलायला सुचत नाही. चहा-कॉफीची खोली रेइयो सांभाळतो, साठीचा, सगळ्यांची खोडी काढणारा. पहिल्या दिवशी तो पांढरी चिकटपट्टी आणि पेन घेऊन बसला होता, प्रत्येकाच्या हेल्मेटवर नाव लावायला. माझ्यामागे नऊ जण. "नाव?" मी क वर अडकलो. "पोरा, जन्माला घातलं तेव्हा सांगितलं नव्हतं का?" मागून कोणीतरी हसलं, आणि माझ्या तोंडातून सुटलं, "एरो." सुटलं ते सुटलं. त्याने लिहून टाकलं. चार वर्षं मी इथे एरो आहे. कागदपत्रांवर खरं नाव आहे, पण ते मुकादमाच्या कपाटात. बाकी सगळ्यांना एरो माहीत.

तर गेल्या आठवड्यातला तो बुधवार. मी पाचव्या मजल्यावर होतो. गेटवर पिवळ्या टोपीतली एक मुलगी दिसली, वाटलं नगरपालिकेची कोणी असेल. बारा वाजता खाली आलो तर टेबलावर निळ्या चौकड्यांच्या फडक्यात राय धान्याचा काळा पाव. रेइयो कापत होता. म्हणाला, "एक एस्टोनियन पोरगी आली होती, कुणा काउपोला विचारत. म्हटलं, असला कोणी इथे नाही. दोनदा विचारलं बिचारीने. मग म्हणाली, सापडला तर द्या, नाहीतर तुम्हीच खा. खा रे." मी खाल्ला. पहिल्या घासाला शहाजिरं लागलं, आईच्या हातचं. फडकं तर मी पाहताक्षणी ओळखलं होतं. तू तेव्हा स्टेशनपर्यंतही पोचली नसशील. पळत गेलो असतो तर गाठलं असतं. पण त्यासाठी आधी चौदा माणसांपुढे म्हणावं लागलं असतं की तो काउपो मी. मी दुसरा तुकडा घेतला. तुला तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून त्यांनी तसं सांगितलं नाही, लिन्नू. माझं नाव त्यांना माहीतच नव्हतं. हे सांगायला पत्र लिहितोय. आज गुरुवार, वाटाण्याच्या सूपचा दिवस. सगळे जेवायला बसलेले असताना मी उभा राहिलो आणि म्हणालो, माझं नाव काउपो आहे, आणि ती माझी बहीण केर्तू होती. दोन क सुटेपर्यंत सूपवर साय धरली. रेइयो मधेच शब्द पुरवायला लागला, मी हात वर केला, तो थांबला. मग रेइयो म्हणाला, "म्हणजे पाव तुझा होता, आणि आम्ही सगळा संपवला." नखाने माझ्या हेल्मेटवरची जुनी पट्टी खरवडून त्याने नवी लावली. तेव्हा बाईंना सांग, एका माणसाला अडखळायला अनोळखी ठिकाण निवडता येत नाही, आणि तरी तो ओळखीच्यांपुढे उभा राहून बोलला. सोमवारी तू वर्गात जा. रविवारी मी फोन करीन. तू उचललास की पहिला शब्द यायला वेळ लागेल, तो मी क नेच सुरू करणार आहे. तू पुरवू नकोस. आणि पुन्हा ये, गेटवर कुणालाही विचार.

तुझाच,
काउपो