पेंढ्याखालची गाडी

पौड, शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर

आदरणीय बीबीजान आपा यांस धाकट्या शहनवाजचा अदबीने सलाम.

तुझे गुडघे, दुल्हेभाईंची साखर आणि भोरची हवा ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इकडे तुझ्या भावजयीची, रेश्माची, पाठ सोडली तर सगळ्यांची तब्येत उत्तम आहे (उत्तम आहे असं सांगायचं नसतं, पण आता लिहून गेलो). तुझ्या लेकीसाठी, समीनासाठी, तीन वर्षांत पाच स्थळं आली आणि पाचही परत गेली, तेव्हा तिचं सध्या काय चाललंय हे मी मुद्दाम विचारत नाही. मोबाइल असताना हा शहाणा कागद का काळे करतोय, असं दुल्हेभाई म्हणतील. त्यांना सांग, फोन स्पीकरवर टाकून बोलायची तुमच्या घरची पद्धत मला ठाऊक आहे आणि ही गोष्ट गुपिताची आहे.

तर दोन महिन्यांपूर्वी बयानात मौलानासाहेबांनी याकूब नबींची गोष्ट सांगितली. लेकाला, यूसुफला, चांगलं स्वप्न पडलं तेव्हा बापाने आधी काय बजावलं? भावांपाशी बोलू नकोस. अल्लाहने ज्याला काही दिलं, त्याच्यावर जळणारा कुणीतरी असतोच, म्हणून आपली कामं गुपचूप पार पाडा. मला हे इतकं पटलं, की आपल्याकडे लपवण्याजोगं काय काय आहे ते मी तिथेच बोटांवर मोजायला बसलो आणि पुढचं बयान कानावरून गेलं. (पहिल्या बोटावरच अडलो होतो, हे फक्त तुला सांगतो.) पण नियत साफ असली की मिळतं. त्याच आठवड्यात लवळ्याच्या एका कॉलेजच्या कँटीनकडून तीनशे एप्रन शिवायचं काम आलं. एवढं मोठं काम आपल्या टेलरिंगच्या दुकानात अब्बांच्या काळापासून आलं नव्हतं. मी शटर अर्धं ओढलं, मशीन मागच्या खोलीत नेलं आणि कुणी विचारलं तर “चाललंय कसंबसं” म्हणून उसासा टाकायला लागलो. पहिले दोन-तीन उसासे कच्चे होते, पुढे हात बसला.

आठ दिवसांत पौडभर झालं, की रेडिमेडने शहनवाज टेलरला खाल्लं. समोरचा चिकनवाला सलीम, माझा लहानपणचा दोस्त, दर रविवारी किलोभर चिकन न सांगता पाठवायला लागला. रिहे गावचा शेतकरी ज्ञानदेव, ज्याच्या लग्नापासूनचे सगळे लेंगे मी शिवलेत, तो इंद्रायणी तांदळाचं एक पोतं दारात टाकून गेला. नको म्हणावं तर एप्रन उघडे पडतात, म्हणून मी खात राहिलो. वजनही वाढलं, ते मात्र लपवता आलं नाही. शेवटी रेश्मा भडकली. अल्लाहची देणगी झाकायला सांगितलीय, लोकांचं फुकट खायला नाही, असं तिने मला पातेल्यावर पळी आपटून सांगितलं. ते लागलं मला. उरलेलं अर्धं पोतं स्कूटरवर घातलं आणि रिह्याला निघालो.

ज्ञानदेव घरात नव्हता म्हणून मी पोतं ठेवायला गोठ्यात शिरलो. तिथे भाताच्या पेंढ्याचा ढीग होता आणि त्या ढिगाला आरसा होता. पेंढा बाजूला केला तर आत पांढरी कोरी गाडी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. शेजारी तांदळाची सहा पोती रचलेली होती, त्यांच्यावर निळ्या शाईत काहीतरी लिहिलं होतं (त्याबद्दल मग). मी गाडीवरून हात फिरवत मोठ्याने म्हणालो, वा, काय देखणी गाडी! आणि मागून ज्ञानदेवची किंकाळी आली.

“आरं देवा! बघितली व्हय तुमी? सलीमभाईची हाय. तुमाला दिसू न्हाई म्हनूनशान तर हितं दडवलीया!”

मी विचारलं, मलाच का? तो मावळातला माणूस, त्याला आडपडदा माहीत नाही.

“तुमची नजर लई वंगाळ हाय. राग मानू नका, समदं पौड म्हनतंय.”

पुरावेही त्याने जागच्या जागी दिले. सलीमच्या बोकडाला मी काय तब्येत आहे म्हणालो, तो तिसऱ्या दिवशी गेला. गल्लीतल्या अण्णासाहेबांच्या नव्या पंपाला मी शाबासकी दिली, तो संध्याकाळी जळला. म्हणजे आपा, अख्खी गल्ली झाकाझाक करत होती ती जगापासून नव्हे, एकट्या माझ्यापासून. आणि मी ज्यांच्या नजरेपासून तीनशे एप्रन लपवत होतो, ते मला चिकन आणि तांदूळ पाठवत होते. मला त्या गोठ्यात रडू आलं. त्यातही खरं म्हणजे, वा म्हणताना पोटात बारीक सुई टोचली होतीच. ती सुई मी ओळखतो, ती माझीच आहे.

तसाच मौलानासाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, बयानाचा दुसरा भाग हाच होता की. दुसऱ्याचं चांगलं दिसलं तर माशाअल्लाह म्हणावं, त्याच्यासाठी बरकतीची दुआ मागावी, म्हणजे आपली नजर आपणच धुतली जाते. तू पहिल्या रांगेत बोटं मोजत होतास, मला वाटलं अल्लाहचं नाव मोजत जिक्र करतोयस. मग मी सलीमला सगळे एप्रन दाखवले, त्याच्या गाडीला तीनदा माशाअल्लाह म्हणालो आणि त्याने मला फिरवून आणलं. पिरंगुटच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. स्टेपनी मीच लावली.

दुल्हेभाईंना सलाम, समीनाला खूप दुआ.

तुझा,
शहनवाज

ता. क. : अर्धं पोतं ज्ञानदेवने परत घेतलं नाही. वर पावट्याच्या शेंगा दिल्या.

ता. क. दुसरा : त्या सहा पोत्यांवर “बीबीजान आपा, भोर” असं लिहिलंय. तुमच्या घरात माणसं तीन आणि त्यातल्या एकाला साखर. मी काही विचारलं नव्हतं, ज्ञानदेवच बोलून गेला, की पुढच्या महिन्यात समीनाचा निकाह आहे आणि जेवणातल्या दालच्याबरोबरचा भात त्याच्या तांदळाचा आहे. पाच स्थळं गेल्यावर तू सख्ख्या भावापासून का लपवलंस ते मला कळतं. राग आलेला नाही. (आलाय. पण जाईल.)

ता. क. तिसरा : तुझ्या निकाहाचा शरारा मी शिकाऊ असताना शिवला होता. त्याचा एक पाय दोन बोटं आखूड झाला आणि कुणाला दिसू नये म्हणून तू दिवसभर एक गुडघा वाकवून चाललीस. अब्बांनासुद्धा सांगितलं नाहीस. समीनासाठी लाल कापड आणून ठेवलंय. ते बघून वा म्हणालो नाही, आधी माशाअल्लाह म्हणालो, मग टेप लावली. बोलवायची भीती वाटत असेल तर बोलावू नकोस, शरारा एस्टीने पाठवीन. तिचं माप तेवढं कळव. या वेळी दोन्ही पाय सारखे येतील.