डावीकडची खुर्ची

धायरी, पुणे
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

प्रिय हिराताई,

सप्रेम जय भीम.

तुमच्या मांजरी गावात आमच्या धायरीपेक्षा थंडी जास्त असते म्हणतात. गुडघे सांभाळत असशील. तुझ्या सौरभला नवी नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं वाटलं. कुणाकडून कळलं ते विचारू नकोस, तू त्या माणसाशीही बोलणं बंद करशील. मी ठीक आहे. पियानोही ठीक. ओल धरू नये म्हणून पावसाळाभर आत बल्ब जळता ठेवला होता, त्यामुळे यंदा एकच पट्टी अडकली. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी परवा जिन्यात गाठलं. "आपला कार्यक्रम एकवीस तारखेला ना? मग बावीसपासून शांतता असेल असं धरून चालू का?" मी म्हटलं, "धरा की. धरायला काय जातं?"

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू "बरं" म्हणून ठेवून देशील. पत्र मात्र तू पुरं वाचशील. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा तू शेवटपर्यंत वाचतेस.

तुझा मेसेज मिळाला. अकरा वर्षांतला पहिला, आणि तोही दोन शब्दांचा. "तिसऱ्यांदा कशाला?" एवढंच. त्याचं उत्तर देते, पण जरा दम धर.

एकवीसचा कार्यक्रम मोठा आहे. दीड तास मी एकटी. परदेशातून परत आल्यापासून पुण्यात असा माझा पहिलाच. पोस्टरवर माझ्या नावामागे "विख्यात" लावलंय आणि फोटो दहा वर्षांपूर्वीचा टाकलाय. कार्यक्रम ठरवणारे दत्तप्रसाद म्हणून एक आहेत, माणूस सज्जन, फक्त घाबरट. मागच्या आठवड्यात मी त्यांना सांगितलं की मी समोर स्वरलिपीचा कागद ठेवून वाजवणार.

"मॅडम, एवढ्या मोठ्या कलाकार आपण, आणि कागद बघून? लोक काय म्हणतील?"

"लोक ऐकायला येणार आहेत की माझं पाठांतर तपासायला?"

"तसं नाही, पण पद्धत आहे. एकल वादन म्हणजे पाठ असतं. शिवाय वयाचा विषय निघतो हो."

"निघू दे. छप्पन्न. पोस्टरवर छापा."

तुला माहितीच आहे, आमच्या या जगात कागद समोर ठेवणं म्हणजे काठी टेकत स्टेजवर येणं. तर मी टेकत येणार. काठी लपवून पडण्यापेक्षा ते बरं.

आता कोलकात्याच्या कार्यक्रमाचं. ऑगस्टमधलं ते रेकॉर्डिंग तू पाहिलंस. संथ भागात ती एक ओळ दोनदा येते. पहिल्यांदा मागे फिरायचं, दुसऱ्यांदा पुढे निघायचं. मी दुसऱ्यांदाही मागे फिरले. समीक्षकाने लिहिलं, "ही तिसरी आवृत्ती म्हणजे परंपरेला दिलेलं धाडसी आव्हान." मला बक्षीसच द्यायचं बाकी ठेवलं होतं. सभागृहात आठशे माणसं, त्यानंतर इंटरनेटवर किती हजार. एकालाही कळलं नाही, ताई. कळलं ते मांजरीत बसलेल्या एका निवृत्त बाईला, जिने एक्केचाळीस वर्षांत पट्टीला बोट लावलेलं नाही.

तर तुझं उत्तर. तिसऱ्यांदा वाजवलं, कारण पुढचं काहीच आठवेना. स्वारगेटहून डेक्कनला वळायचं विसरावं आणि पुन्हा स्वारगेटलाच यावं, तसं झालं. तिसऱ्या वेळी हात आपसूक पुढे गेले म्हणून वाचले. डॉक्टर म्हणतात आज तरी आजार दिसत नाही, सहा महिन्यांनी परत बघू. बघतील. मी तोवर पियानो झाकून बसणार नाही.

हे सगळं मी दत्तप्रसादांनाही सांगू शकले असते. तुला लिहायचं कारण वेगळं आहे, आणि तिकडे यायला मला दोन पानं लागली.

बाबांनी तो पियानो कॅम्पातल्या लिलावातून आणला तेव्हाचं तुला आठवतं का? सीताराममामा मार्केट यार्डातले चार हमाल घेऊन आला होता, आणि सगळी वस्ती विचारत होती, एवढी मोठी पेटी कशाला? बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तो ठेवला. शिकायला दोघी बसलो. कागद वाचण्यात तू माझ्या पुढे होतीस, हे शिकवणाऱ्या बाईंनाही माहीत होतं आणि मलाही. हात माझे बरे होते, एवढंच.

मग चौऱ्याऐंशीची ती स्पर्धा. कागद ठेवून वाजवायची मुभा होती. मी पंधरा, तू अठरा. तू माझ्या डावीकडच्या खुर्चीवर, पानं उलटायला. पान चटकन हाती यावं म्हणून तू प्रत्येक कोपरा आदल्या दिवशीच दुमडून ठेवला होतास. हीच ओळ. पहिल्यांदा पान मागे, दुसऱ्यांदा पुढे. तू बरोबर उलटलंस. समोर बरोबर पान होतं आणि मला त्यावरचं काही दिसेना. हात थांबले. परीक्षक बघत होते. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "हिने दोन पानं उलटली."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग परीक्षकांकडे वळून म्हणालीस, "हो. चुकलं माझं."

त्यांनी मला पहिल्यापासून वाजवू दिलं. मुलीची काय चूक, म्हणाले. तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बसवलं आणि तू भिंतीशी उभी राहिलीस. शिष्यवृत्ती मला मिळाली. घरी बाबा तुला म्हणाले, "एक काम दिलं होतं. पान उलटायचं." महिनाभर ते तुझ्याशी बोलले नाहीत आणि मीही त्यांना काही बोलले नाही. तू टायपिंगच्या क्लासला नाव घातलंस. पियानोचं झाकण तू कधी उघडलं नाहीस आणि का उघडत नाहीस ते मी कधी विचारलं नाही.

एवढं तू मला माफ केलं होतंस, हे मला माहीत आहे. पोर होती, घाबरली, असं म्हणून सोडून दिलंस. बाबा गेले तेव्हा माझे कपडे तूच धुतलेस. तू तोडलंस ते त्या मुलाखतीनंतर. पंचेचाळीस वर्षांची मी, हातात कॉफीचा कप, आणि त्या पत्रकार मुलीला हसत हसत सांगतेय, "माझ्या बहिणीने दोन पानं उलटली, नाहीतर किस्सा काय सांगितला असता!" छापून आलं त्याच संध्याकाळी तुझा फोन. "अमू, तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस. आता किती?" आणि ठेवलास.

मला राग आला होता. खरंच. किती वर्षं स्वतःला सांगत होते की बाई हट्टी आहे. खोटं इतक्यांदा सांगितलं की माझ्या मनातही दोन पानं उलटायला लागली होती. आता खरं विसरायला लागले, तेव्हा एक ठरवलं. बाकी काय जायचं ते जाऊ दे, हे पान मी जाऊ देणार नाही.

म्हणून एकवीस तारखेला वाजवायच्या आधी मी उभी राहून सांगणार आहे की त्या दिवशी पान बरोबर उलटलं होतं. तू आलीस तरी सांगणार, नाही आलीस तरी. दत्तप्रसाद म्हणाले, "मॅडम, घरगुती गोष्टी स्टेजवर कशाला?" मी म्हटलं, "खोटं स्टेजवरच बोलले होते."

सोबत कार्यक्रमाची पत्रिका आहे. पान उलटणाऱ्याचं नाव छापायची पद्धत नसते. त्याने काळे कपडे घालायचे, मागून यायचं, नमस्कार करायचा नाही. पत्रिकेवर बघ, माझ्या नावाखाली, तेवढ्याच टायपात: हिरा कांबळे. तुला न विचारता छापलंय. रागाव. हजार प्रती निघाल्यात.

त्या स्पर्धेतलं जुनं पुस्तकही पाठवतेय. ते तुझं आहे. मी नवीन आणलंय, पण त्याचे कोपरे अजून सरळ आहेत. ते मी दुमडणार नाही.

खुर्ची डावीकडे असेल. कुणी बसो न बसो, ती दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. आलीस तर हवी ती साडी नेस, हिरवीसुद्धा चालेल. स्टेजवर आधी तू जायचंस, मी मागून येईन. आणि पान उलटायची खूण म्हणून मी मान हलवणार नाही. तुला ती कधी लागली नाही.

चुकले मी होते.

तुझी,
अमू