जेवणाआधी कडी नाही

प्रिय आई,

तुला नमस्कार. हे पत्र बाबांना वाचून दाखवायच्या आधी एकदा मनातल्या मनात वाच.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोली लहान आहे, पण पंखा चालतो. अभिलेखागारात मात्र खिडक्या उघडत नाहीत. कागद उडतील म्हणे. दिवसभर तिथे बसलं की जीव कोंडतो. बाबांच्या डोळ्याची पट्टी निघाली का?

पणजोबा सापडले. समुद्रापार जन्मठेपेवर नेलेल्या कैद्यांच्या नोंदींत त्यांचं नाव, गाव, भुवईवरचा व्रण, सगळं जुळतं. आई, ते कैदेत वारले नाहीत. त्यांची सुटका झाली होती. परतीच्या बोटीत जागाही होती. कारकुनाने विचारलं, तेव्हा म्हणाले, "घरी कोणी नाही." आणि तिथेच राहिले.

घरी पणजी होती, तिच्या कडेवर आजोबा होते. पणजोबा येतील म्हणून सगळ्यांची जेवणं होईपर्यंत आपल्या दाराला कडी लागत नाही, आजही.

बाबा फोनवर विचारतात, "काय गं, आले का आमचे आजोबा? की अजून बोटीतच?" मी म्हणते, "शोधतेय." खोटं बोलवत नाही आणि खरं तोंडातून निघत नाही. तू सांगशील का? की नकोच सांगायला?

काल घरमालकीण ओरडली, "अगं, कडी न लावता जेवायला बसतेस? चोर शिरेल एखादा!" मी अर्ध्या ताटावरून उठले, दारापाशी गेले. पण हात काही उचलेना.

तुझी,
धाकटी